चादरीवरचा मोर आणि विषाणूची अक्षरं

सोलापूरकरांसमोर चादरीचं उदाहरण द्यायचं म्हणजे आगाऊपणाच, पण देते. दोन चादरी पसरल्या, दोन्हींवर मोर आहे. मग त्या एकाच मागावरच्या का? जाणता विणकर हसेल. मोर काय, सगळेच काढतात. पण दोन्ही पिसाऱ्यांत नेमक्या त्याच जागी एक धागा चुकलेला असेल, तर नक्षी ठरवणारे जॅकार्डचे भोकांचे पुठ्ठे एकच असावेत असा संशय घ्यायला जागा आहे.

असाच एक संशय आज सांगायचाय, मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस या आजाराबद्दलचा. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टन खराब करते. कुणाची नजर धूसर होते, कुणाचे पाय बधिर होतात, कुणाचा तोल जातो. संशय बरीच वर्षं एपस्टाइन-बार विषाणूवर आहे. १९६४ साली सापडलेला हा विषाणू जगातल्या सुमारे ९५ टक्के प्रौढांच्या शरीरात मुक्कामाला आहे. मग गावात प्रत्येकाच्या घरी जेवणाऱ्या पाहुण्यावर एकाच घरातल्या चोरीचा आळ कसा घालायचा?

त्यासाठी त्याला अजून न भेटलेली माणसं शोधावी लागतात. अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या रक्ताचे साठवलेले नमुने होते. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. पुढे एमएस झालेल्या ८०१ जणांपैकी ३५ जणांना पहिल्या नमुन्याच्या वेळी हा विषाणू लागलेला नव्हता. त्यातल्या ३४ जणांना तो आजाराआधी लागला. संसर्गानंतर धोका ३२ पट वाढलेला दिसला. तशाच पसरणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूनं मात्र तो वाढला नाही.

आता आम्हा संगणकवाल्यांचं काम. विषाणूचं प्रथिन आपल्या एखाद्या प्रथिनासारखं दिसतं का, म्हणजे पोलीस चोर समजून घरच्याच माणसाला बडवतायत का, हे बघायचं. प्रथिनं वीस अक्षरांत लिहिलेली असतात. पाच अक्षरांचे शब्द होतात ३२ लाख. आपल्या वीसेक हजार प्रथिनांत मिळून अक्षरं एक कोटीच्या वर. म्हणजे विषाणूतला पाच अक्षरांचा कुठलाही तुकडा उचला, तो आपल्यात निव्वळ योगायोगानं सरासरी तीनेकदा सापडणार! सुरुवातीला अशी एक जुळणी बघून मी रात्रभर झोपले नव्हते. तो नुसता मोर होता.

म्हणून २०२२ मध्येच स्टॅनफर्डमधून आलेलं काम मला आवडतं. त्यांनी उलटीकडून सुरुवात केली. रुग्णांच्या मज्जारज्जूभोवतालच्या द्रवातल्या बी-पेशींचे, म्हणजे विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचे, क्रम वाचले आणि कुठल्या पेशींची पैदास भरमसाट झालीय ते शोधलं. त्यांची प्रतिपिंडं विषाणूंच्या प्रथिनांवर तपासली. एक प्रतिपिंड विषाणूच्या ईबीएनए-१ प्रथिनाला चिकटलं आणि मेंदूतल्या ग्लायलकॅम या प्रथिनालाही. गंमत पुढेच आहे. ग्लायलकॅमच्या एका अमिनो आम्लाला, म्हणजे एका अक्षराला, फॉस्फेट जोडलं गेलं की पकड आणखी घट्ट होते. हे फॉस्फेट अक्षरांत लिहिलेलं नसतं. आम्ही नुसती अक्षरं जुळवत बसलो असतो तर ते दिसलंच नसतं. अशी प्रतिपिंडं सगळ्या रुग्णांत नाहीत, वीस-पंचवीस टक्क्यांत आहेत. तेव्हा गोष्ट इथे संपत नाही.

मागून एका काकांनी विचारलंय, आपल्याकडे हा विषाणू सर्रास, मग एमएस कमी का? आपल्याकडे तो बहुतेकांना लहानपणीच लागतो. तरुणपणी लागून ग्रंथींचा ताप आला तर एमएसचा धोका अधिक, एवढं पक्कं दिसलंय. पण विषाणू एकटा पुरत नाही. वंशपरंपरेनं आलेली जनुकंही लागतात.

आणि पहिल्या रांगेतली मुलगी विचारते, सोलापुरात बसून यातलं काय करता येईल? लॅपटॉप आहे ना? या विषाणूच्या डीएनएचा सुमारे १ लाख ७२ हजार अक्षरांचा क्रम १९८४ पासून सगळ्यांना खुला आहे. त्याच्या प्रथिनांची आपल्या प्रथिनांशी जुळणी काढ. मग विषाणूच्या प्रथिनांतली अक्षरं पत्त्यांसारखी पिस आणि पुन्हा काढ. असं हजारदा कर. पिसलेल्यांतही तेवढ्याच जुळण्या निघाल्या, तर फाईल बंद करायची आणि चहाला जायचं.