रातांब्याचं काहीही वाया जात नाही

मे महिना. गिरगावातल्या चाळीची गच्ची. राजापूरहून रात्रीच्या एसटीनं आलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, परातीत ओतलेत. धुवायचे, पुसायचे, मधोमध चिरायचे. सालं एका पातेल्यात, गरासकट बिया दुसऱ्यात. काकूंची बोटं लालभडक झालीत. हा अँथोसायनिन या रंगद्रव्याचा रंग. तो पाण्यात चटकन उतरतो, म्हणून आमसूल भिजवलं की वाटी लगेच लाल होते.

आता गरावर मीठ. थोड्या वेळानं रस सुटतो. त्यात सालं बुडवून उन्हात घालायची, वाळली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. याला पुटं देणं म्हणतात. घाई करून चालत नाही. पुटं नीट बसली तरच आमसूल काळंभोर, मऊ राहतं आणि वर्षभर टिकतं. वळवाचा पाऊस आला तर मात्र सगळ्यांची धावपळ.

सालीचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा. साखरेची चरबी करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) ते रोखतं. सालीतच गार्सिनॉल हे पिवळं द्रव्यही आहे. सूज आणि कर्करोगाच्या पेशींवर त्याचे प्रयोग झालेत, बहुतेक प्रयोगशाळेतच. घरातला अनुभव मात्र जुना आहे: अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमसुलाचं पाणी चोळायचं, जेवण जड झालं की सोलकढी.

आणि या बिया. शहरात त्या सर्रास कचऱ्यात जातात, याचं फार वाईट वाटतं. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर येतं. गार झालं की थिजतं, मग हातानं असे गोळे वळायचे. हे कोकमतेल. ३८ ते ४० अंशांना वितळतं, म्हणून मुंबईच्या उन्हाळ्यातही गोळा घट्ट राहतो. पळीत जरा गरम करून रात्री टाचांच्या भेगांत भरायचं. फुटलेल्या ओठांनाही हेच.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दादरला आमसुलं घेताना नुसता रंग पाहू नका, मऊ आहेत का ते दाबून पाहा. वजन उतरवणाऱ्या गोळ्यांत हेच हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं, पण बहुधा कोकमाच्या जातभाई झाडाचं. त्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि यंदा रातांबे आणलेत, तर बिया धुऊन उन्हात टाका.