कपाटांची कुलुपं काढा

(एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘छोट्या गावातलं सार्वजनिक वाचनालय : इतिहास आणि रचना’. त्याकडे येतेच. पण आधी मला कुलपांबद्दल बोलायचंय.

आपल्या जुन्या वाचनालयांत काचेची सागवानी कपाटं असतात. आत डांबरगोळ्यांचा वास, दाराला पितळी कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा ग्रंथपालांच्या खणात. वाचकानं यादीत दाखल क्रमांक शोधायचा, चिठ्ठीवर लिहून द्यायचा, मग शिपाई पुस्तक काढून आणणार. म्हणजे पुस्तक मागायचं तर ते आहे हे आधी ठाऊक हवं. ज्याला ठाऊकच नाही, त्यानं काय मागायचं?

मी ज्या वाचनालयाची कार्यवाह होते, तिथे शिवणकाम करणाऱ्या एक बाई सभासद होत्या. स्वतः कधी यायच्या नाहीत. मुलाच्या हाती चिठ्ठी यायची : ‘कादंबरी द्यावी. जाड.’ शिपाई हाताला लागेल ती जाड कादंबरी द्यायचा. कधी वाचलेलीच परत जायची. बाईंनी कधी कुरकूर केली नाही. रेशनच्या दुकानात जे मिळेल ते घ्यावं, तसं चाललं होतं. आम्हीही त्यांना ‘कादंबरीच्या वाचक’ ठरवून मोकळे झालो होतो.

कार्यकारिणीत बराच वाद होऊन एकदाचं शेतीचं आणि प्रवासवर्णनांचं कपाट उघडं ठेवायचं ठरलं. मुलाची परीक्षा होती, म्हणून त्या आठवड्यात बाई स्वतः आल्या. पदराला हात पुसले. एकेक पुस्तक काढून चाळलं, परत ठेवलं. काही उलटी ठेवली. ठेवू देत, लावायला आपण आहोत. आणि नेलं काय, तर शेळ्यांच्या रोगांवरचं एक पातळ पुस्तक! घरी शेळ्या होत्या, त्यातली एक आजारी होती. आम्हाला पत्ता नव्हता. त्या पुस्तकाच्या मागच्या तारीखचिठ्ठीवर तोवर एकही शिक्का पडलेला नव्हता.

‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या पाच सूत्रांपैकी तिसरं, १९३१ सालचं. पुस्तकं वाचकासमोर मोकळी ठेवा, हा आग्रह त्याच सूत्रातून येतो. कुलूप लावणाऱ्याला मी दोष देत नाही. पडताळणीत पुस्तक कमी भरलं की बोट ग्रंथपालाकडे जातं, कुठे कुठे भरपाईही त्याच्याच पगारातून होते. त्या तुटपुंज्या पगारात माणूस दुसरं काय करणार?

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा पत्रिकेतला विषय आता भरभर सांगते. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नगरचं १८३८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. ही जुनी वाचनालयं साहेब अधिकारी आणि गावातली शिकलेली मंडळी यांच्या पुढाकारानं उभी राहिली. पुस्तकं महाग, वाचक मूठभर. तेव्हा कुलूप शोभत होतं. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना बोलावलं आणि पुढे पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या. तिथे वाचनालय वाचकाकडे चालत गेलं. ग्रंथालयांचा देशातला पहिला कायदा कोल्हापूर संस्थानाचा, १९४५ चा. आपल्या राज्याचा १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. त्यात ग्रंथालय-कर, म्हणजे ग्रंथालयांसाठी लोकांकडून घ्यायचा वेगळा कर, नाही. वाचनालय गावातल्या संस्थेनं चालवायचं, शासनानं अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान द्यायचं, ही रचना. ते हप्त्यानं येतं, बरंचसं पगारात जातं, उरलेल्यात पुस्तकं, वीज, बाइंडिंग. वर्ग ठरवताना पुस्तकं मोजतात, सभासद मोजतात. कपाट उघडं आहे का, हे माझ्या अनुभवात कुणी विचारलेलं नाही. ते विचारायला हवं, आणि हरवलेल्या पुस्तकांची थोडी सूट संस्थेनं ठराव करून आधीच धरायला हवी, म्हणजे ग्रंथपालाच्या मानेवरचा धाक जाईल.

इथल्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे, दर रविवारी सकाळी निदान दोन कपाटं उघडी ठेवा. पुस्तकं पुन्हा जागेवर लावायला माणसं लागतील. ज्यांना जमेल, त्यांनी जाताना कार्यवाहांकडे नाव द्या. माझं नाव पहिलं लिहा.