नोंद ठेवा, असं सांगितलं होतं

(दृश्य: सॉल्ट लेक सिटी, पहाट. टेम्पलभोवती परांची, वर क्रेन.)

युटा राज्यातलं सॉल्ट लेक सिटी. अजून पुरतं उजाडलेलं नाही. समोर परांचीत गुरफटलेली इमारत दिसतेय ती मॉर्मन पंथाचं सगळ्यात प्रसिद्ध टेम्पल. 1853 मध्ये काम सुरू झालं, 1893 मध्ये संपलं. म्हणजे पायाचे दगड वाहणारे बरेचसे हात कळस बघायला उरलेच नाहीत. भूकंपापासून वाचवायला 2020 मध्ये या जुन्या पायाखाली नवा पाया घालायला घेतला. आणि योगायोग असा, की काम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, 18 मार्च 2020 रोजी, खरोखरच भूकंप झाला आणि शिखरावरच्या मोरोनी देवदूताच्या हातातला सोनेरी कर्णा निसटून पडला.

तो क्षण आमच्याकडे नाही. क्रेन आहे, ती बघा.

(दृश्य: रस्ता ओलांडणारी माणसं. काचेचं दार.)

आपल्याला जायचंय रस्त्यापलीकडे. हे चर्चचं इतिहास ग्रंथालय. 2009 मध्ये उघडलं. नाव नोंदवायचं, पेन बाहेर ठेवून पेन्सिल घ्यायची आणि आत बसून वाचायचं. सदस्य असायलाच हवं असं नाही.

संस्थेचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. जगभरात 1 कोटी 70 लाखांहून जास्त सदस्य. 2018 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नका असं सांगितलं, आणि जगप्रसिद्ध मॉर्मन टॅबरनॅकल क्वायरचं नावसुद्धा बदललं. आम्ही निवेदनात सोयीसाठी जुनाच शब्द वापरतोय. इथल्या काहींना ते खटकेल, काहींना उलट नवा नियम खटकतो. वाद इथूनच सुरू होतात.

6 एप्रिल 1830. न्यूयॉर्क राज्यातल्या फेएट इथे, एका शेतकऱ्याच्या घरात हे चर्च स्थापन झालं. संस्थापक जोसेफ स्मिथ, वय 24. त्याच दिवशी त्यांनी जो साक्षात्कार सांगितला त्याचा पहिलाच आदेश असा: तुमच्यात नोंद ठेवली जाईल. झालं. त्या दिवसापासून ही माणसं लिहीत सुटली. रोजनिशा, पत्रं, सभांचे वृत्तांत, कुणाला कधी बाप्तिस्मा दिला, कोण बैलगाडीत बाळंत झाली, सगळं. शेतकरी लिहितोय, सुईण लिहितेय. एवढं लिहून ठेवणारा समाज एकोणिसाव्या शतकाच्या अमेरिकेत शोधून सापडायचा नाही. एकट्या जोसेफ स्मिथ यांच्या कागदपत्रांचे 2008 ते 2023 या काळात 27 खंड निघाले, आणि ते चर्चनेच काढले.

आता, लिहून ठेवलं की कधीतरी कुणीतरी वाचणार.

(दृश्य: कागदावर छापलेला दगडाचा रंगीत फोटो. हळूहळू जवळ.)

हा दगड नीट बघा. चॉकलेटी रंग, अंड्याच्या आकाराचा, अंगावर पट्टे. हातात मावेल एवढा.

मॉर्मन मुलं लहानपणापासून एक चित्र बघत मोठी होतात. टेबलावर सोन्याचे पत्रे (जोसेफला ते देवदूताकडून मिळाले आणि त्यांवर प्राचीन लिपीत मजकूर होता, अशी श्रद्धा), समोर तरुण जोसेफ, बोट ओळीवरून फिरतंय, आणि तो वाचून दाखवतोय तसा लेखनिक उतरवून घेतोय. या पत्र्यांच्या भाषांतरातून त्यांचा धर्मग्रंथ, बुक ऑफ मॉर्मन, आला, 1830 मध्ये छापला गेला, पहिली आवृत्ती 5,000 प्रतींची. चित्र घराघरांत, वर्गावर्गांत. पण ज्यांनी ते भाषांतर डोळ्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलेलं वेगळंच. जोसेफची पत्नी एमा हिने 1879 मध्ये मुलाला सांगितलं की तो टोपीत दगड ठेवायचा, टोपीत तोंड घालायचा आणि तासन् तास मजकूर सांगायचा. साक्षीदार डेव्हिड व्हिटमर यांनीही तेच लिहिलं. ऑगस्ट 2015 मध्ये चर्चने आपल्या तिजोरीतल्या या दगडाचा फोटो पहिल्यांदा प्रसिद्ध केला.

मग घरोघरी जे झालं ते एका वाक्यात सांगता येत नाही. एक बाजू म्हणते, लपवलं कुठे? 1993 मध्ये चर्चच्याच मासिकात टोपीतल्या दगडाचा उल्लेख आहे, तुम्ही वाचला नाहीत हा तुमचा आळस. दुसरी बाजू म्हणते, मग चित्र का नाही बदललंत? आणि तिसरी माणसं, जी आम्हाला सगळ्यात जास्त भेटली, ती म्हणतात: पत्रे काय नि दगड काय, देवाला दोन्ही सारखेच, आम्हाला राग आला तो शेजाऱ्याच्या पोराने मोबाइलवर दाखवेपर्यंत माहीत नव्हतं याचा.

(दृश्य: स्वयंपाकघर. फक्त हात. बटाटे, किसलेलं चीज, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा.)

या बाईंनी चेहरा दाखवू नका असं सांगितलं, म्हणून हात. बनतंय ते ‘फ्युनरल पोटॅटोज’. कुणाकडे मयत झालं की वॉर्डातल्या बायका हे भरलं भांडं घेऊन हजर. वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी; कुठल्या वॉर्डात जायचं ते तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरतं, आवडीवरून नाही. त्यामुळे ज्याच्याशी वाद घातला तोच तुमच्या घरी बटाटे घेऊन येतो.

या बाईंची पणजी बहुपत्नीत्वाच्या काळातली, नवऱ्याची तिसरी बायको होती. घरात फोटो आहे, त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही. 2014 मध्ये चर्चने स्वतःच संकेतस्थळावर लेख टाकला: जोसेफ स्मिथ यांच्या पत्नींची संख्या काळजीपूर्वक केलेल्या अंदाजांनुसार 30 ते 40, आणि त्यातली सगळ्यात लहान, हेलन मार किंबल, पंधराव्या वाढदिवसाला काही महिने बाकी असताना त्यांच्याशी विधिवत जोडली गेली. बाईंनी तो लेख रात्री दोनला वाचला. पुढचं त्यांनी कॅमेरा बंद करून सांगितलं.

(दृश्य: नावू, इलिनॉय. विटांची जुनी घरं, मिसिसिपी नदी.)

आत राहून प्रश्न विचारण्याची परंपरा इथली आहे, जोसेफ आणि त्यांच्या अनुयायांनी वसवलेल्या नावूची. 7 जून 1844 रोजी या गावात एक वर्तमानपत्र निघालं, नावू एक्स्पॉझिटर. काढणारे बाहेरचे शत्रू नव्हते. विल्यम लॉ काही काळापूर्वीपर्यंत जोसेफ स्मिथ यांचे उजवे हात होते. त्यांनी पहिल्याच अंकात स्पष्ट लिहिलं की जोसेफने मुळात शिकवलेला धर्म आम्हाला खराच वाटतो. आक्षेप आहे तो गुप्तपणे चाललेल्या बहुपत्नीत्वाला आणि एकाच माणसाच्या हाती धर्म नि राज्य दोन्ही असण्याला. जोसेफ तेव्हा गावचे महापौरही होते. 10 जूनला नगर परिषदेने वर्तमानपत्र उपद्रवी ठरवलं. छापखाना फोडला, खिळे रस्त्यावर विखुरले. अंक निघाला तो एकच. त्यानंतर अटक, आणि 27 जूनला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ आणि भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या.

तुरुंगाची खोली आज पर्यटकांना दाखवतात. तिथे शांत बसून राहतात लोक. छापखान्याच्या जागी थांबणारे कमी.

(दृश्य: माउंटन मेडोज, दक्षिण युटा. पिवळं गवत, दगडांची रास, वारा.)

हे कुरण सुंदर आहे आणि तेच अवघड जातं. 11 सप्टेंबर 1857. आर्कान्सामधून कॅलिफोर्नियाला निघालेला बैलगाड्यांचा तांडा इथे अडकला होता. स्थानिक मॉर्मन लष्करी तुकडीने पांढरं निशाण दाखवून त्यांना बाहेर काढलं आणि ठार मारलं. सुमारे 120 माणसं. वाचली ती 17 लहान मुलं. दोष कित्येक वर्षं पायूट आदिवासींवर ढकलला गेला. शिक्षा एकट्या जॉन ली यांना झाली. 1877 मध्ये याच कुरणात आणून त्यांना गोळ्या घातल्या.

1919. वाळवंटातल्या मेस्किट गावात एक तरुण शिक्षिका होती, वनिता ब्रूक्स. नावाचं स्पेलिंग वेगळं, पण उच्चार आपल्या वनितासारखाच. गावातले म्हातारे नेफाय जॉन्सन एकदा तिला म्हणाले, माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं ते जिभेने कधी सांगितलं नाही, ते तू लिहून घे. तिने शाळेच्या गडबडीत पुढे ढकललं. गेली तेव्हा ते शेवटच्या घटका मोजत होते, भ्रमात ‘रक्त, रक्त’ ओरडत होते. हे गृहस्थ त्या दिवशी कुरणात होते, हे तिला नंतर कळलं.

मग तिने तीसेक वर्षं कागद गोळा केले. घर, मुलं, शिकवणं सांभाळून. असं सांगतात की इस्त्रीचे कपडे ती मुद्दाम हाताशी ठेवायची, शेजारीण आली की कपडे टाइपरायटरवर टाकायचे आणि इस्त्री हातात घ्यायची. 1950 मध्ये पुस्तक आलं, विद्यापीठाच्या छापखान्यातून. चर्चने तिला काढलं नाही. गावातल्या नजरा मात्र बदलल्या. ती दर रविवारी जातच राहिली. 1961 मध्ये चर्चने जॉन ली यांचं सदस्यत्व मरणोत्तर परत दिलं. 1999 मध्ये नवं स्मारक बांधताना पायासाठी खणलं तर मेलेल्यांची हाडं वर आली. 11 सप्टेंबर 2007 रोजी, दीडशे वर्षांनी, चर्चच्या एका प्रेषिताने, म्हणजे सर्वोच्च नेत्यांपैकी एकाने, इथे उभं राहून तीव्र खेद व्यक्त केला.

(दृश्य: जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे.)

1966 मध्ये स्टॅनफर्डला काही तरुण मॉर्मनांनी ‘डायलॉग’ नावाचं त्रैमासिक सुरू केलं. चर्चचं नाही, सदस्यांचं. चर्चमधल्या बाकी जवळजवळ सगळ्या पुरुषांना मिळणारं पौरोहित्य, म्हणजे धार्मिक विधी करण्याचा अधिकार, कृष्णवर्णीय पुरुषांना का नाही, या प्रश्नावर 1973 मध्ये लेस्टर बुश या डॉक्टरने त्यात दीर्घ लेख लिहिला. हा नियम पहिल्यापासूनचा, असं सगळे धरून चालले होते. बुश यांनी कागद काढून दाखवलं की जोसेफ स्मिथ यांच्या काळात तो सापडत नाही. एलायजा एबल या कृष्णवर्णीय माणसाला 1836 मध्येच पौरोहित्य मिळालं होतं. बंदी दिसते ती 1852 पासून, जोसेफनंतरचे अध्यक्ष ब्रिगम यंग यांच्या तोंडी. जून 1978 मध्ये बंदी उठली. नेते म्हणतात साक्षात्कार झाला. सदस्यांत आजही वाद आहे: मग आधीची सव्वाशे वर्षं काय होती? देवाची इच्छा की माणसाची चूक? 2013 मध्ये चर्चने बंदीमागची जुनी स्पष्टीकरणं नाकारली. बंदी स्वतः चूक होती का, हे वाक्य त्या लेखात शोधत बसावं लागतं.

(दृश्य: रविवार. चर्चचं पार्किंग. पांढरे शर्ट, लहान मुलं.)

रविवारच्या सभेत कॅमेरा नेता येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो आणि ज्याला वाटेल तो उठून आपल्या श्रद्धेची साक्ष देतो. ‘मला वाटतं’ नाही, ‘मला ठाऊक आहे’, असं म्हणायची रीत. ज्याला फक्त वाटतं, त्याने काय म्हणावं?

1981 मध्ये बॉइड पॅकर या प्रेषितांनी धर्मशिक्षकांना बजावलं होतं की खऱ्या असलेल्या काही गोष्टी फारशा उपयोगाच्या नसतात. सप्टेंबर 1993 मध्ये सहा लेखक-अभ्यासकांवर कारवाई झाली, पाच जणांना काढलं. त्यातल्या लव्हिना फील्डिंग अँडरसन. त्यांचा गुन्हा म्हणजे नेते आणि अभ्यासक यांच्यातल्या संघर्षांची तारीखवार नोंद. पुन्हा नोंदच! आपल्याकडे वाळीत टाकलं की पाणवठा बंद. इथे बाकावर बसू देतात, बोलू देत नाहीत. त्या पंचवीसेक वर्षं बसत राहिल्या. 2019 मध्ये परत बाप्तिस्म्यासाठी स्थानिक नेते अनुकूल होते, वरून नकार आला. 2023 मध्ये त्या गेल्या.

(दृश्य: सोडा शॉपबाहेर गाड्यांची रांग.)

आणि हे सोड्याचं दुकान. 1833 च्या नियमात दारू, तंबाखू आणि ‘गरम पेयं’ वर्ज्य. गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी. बर्फ घातलेला चहा चालतो का? 2019 मध्ये उत्तर आलं: नाही, ग्रीन टीसुद्धा नाही. पण कोला चालतो, म्हणून गाड्यांची ही रांग, कोल्यात नारळाचं सिरप नि क्रीम. भारतातले सदस्यही चहा सोडतात, अगदी पाहुणे गेल्यावर मिळणारा अर्धा कपसुद्धा. कानातल्यांची एकच जोडी, हा नियम तरुणांच्या पुस्तिकेतून 2022 मध्ये गेला. दाढी ठेवायची नाही, हा नियम चर्चच्या ब्रिगम यंग विद्यापीठात अजून आहे, आणि ब्रिगम यंग यांची स्वतःची दाढी जुन्या फोटोत दिसतेच. समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा नाही, हा नियम नोव्हेंबर 2015 मध्ये आला, एप्रिल 2019 मध्ये गेला. त्या साडेतीन वर्षांत घरं तुटली, माणसं गेली.

(दृश्य: पुन्हा हात. पाकिटातून छोटं कार्ड.)

टेम्पलमध्ये जायला हे कार्ड लागतं. आधी बिशप, म्हणजे वॉर्डाचा प्रमुख, प्रश्न विचारतो, ठरलेले, चर्चने जाहीर केलेले. त्यात एक असा: चर्चच्या शिकवणीविरुद्धच्या कुठल्या शिकवणीला तुमचा पाठिंबा आहे का? उत्तर हो किंवा नाही.

बाईंच्या टेबलावर वनिता ब्रूक्स यांचं पुस्तक आहे. बटाटे भट्टीत आहेत. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी वारलंय. कार्डाची मुदत दोन वर्षं असते. या कार्डाची येत्या मार्चला संपते.