कोयना-वारणेची जमीन आकाशातून मोजताना

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोल्हापुरातली जुनी माणसं तो धक्का अजून सांगतात. पुढे भूशास्त्रज्ञांनी दोणाचीवाड्याच्या परिसरात पायी फिरून जमिनीच्या भेगा नोंदवल्या. पण भेगेपासून लांबवरची जमीन दोन-चार इंच सरकली असेल, तर ती डोळ्याला कशी दिसणार?

ते काम आता रडार उपग्रह करतात. उपग्रह जमिनीकडे लहर सोडतो आणि परतलेली लहर नोंदवतो. काही दिवसांनी त्याच कक्षेतून पुन्हा तेच. दोन नोंदी ताडल्या की जमीन उपग्रहाच्या जवळ आली की लांब गेली, ते कळतं. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाची लहर ५.६ सेंटिमीटरची. ती जाते आणि येते, म्हणून दोन नोंदींच्या फरकातून बनलेल्या नकाशावरचा रंगांचा एक पट्टा म्हणजे २.८ सेंटिमीटर हालचाल. २०१५ च्या नेपाळ भूकंपात काठमांडूचा परिसर सुमारे एक मीटर उचलला गेला, तोही असाच टिपला गेला.

(दृश्य: चांदोलीचा वारणा जलाशय, पलीकडे शाहूवाडीचे डोंगर)

आपल्या सह्याद्रीत मात्र हे काम फार अवघड आहे. कोयनेपाठोपाठ १९९३ पासून वारणा जलाशयाच्या परिसरातही भूकंप वाढले. इथं दाट जंगल. छोटी लहर पानांतच विखुरते, दोन चित्रं जुळत नाहीत. पावसाळी हवेतली वाफ लहरीला उशीर लावते, आणि न हललेली जमीनही हलल्यासारखी दिसते. खरी अडचण त्याहून मोठी आहे. कोयनेचा भ्रंश, म्हणजे जिथं जमीन तुटून सरकते ती खडकातली भेग, साधारण उत्तर-दक्षिण, आणि जमीनही त्याच दिशेत आडवी सरकते. उपग्रहही जवळपास उत्तर-दक्षिणच फिरतो आणि कडेला बघतो. म्हणजे आपल्याला हवी असलेली नेमकी हीच हालचाल त्याला सगळ्यात कमी दिसते!

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार झेपावला. इस्रो आणि नासाचा हा उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच जागेवर येतो. त्याची एल-बँड लहर सुमारे २४ सेंटिमीटरची, त्यामुळे झाडीतून जमिनीपर्यंत ती जास्त पोहोचते. उत्तर-दक्षिण सरकण्याचा हिशेब मात्र जमिनीवरच्या जीपीएस केंद्रांकडूनच घ्यावा लागतो. भूकंप कधी होणार, हे यातलं कोणीच सांगत नाही. धक्क्यानंतर भ्रंशाची कोणती बाजू किती सरकली, ते सांगता येतं. त्यासाठी धक्क्याआधीचं चित्र हाती असावं लागतं. म्हणून जमीन शांत असतानाच्या नोंदीही जपून ठेवायच्या.