घरपट्टीच्या चलनात शाळा कुठं आहे?

मंडळी, नमस्कार. येताना बेळगाव महापालिकेचं घरपट्टीचं चलन सोबत आणा, असं निमंत्रणात लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी ते आणलेलं दिसतंय. ते हातात असू द्या, त्यावर बोट ठेवूनच आपण बोलू.

पहिली ओळ मूळ कराची. घर कुठं आहे, किती चौरस फुटांचं, बांधकाम कसलं, किती जुनं आणि स्वतः राहता की भाड्यानं दिलंय, यावरून तो आकडा निघतो. त्याचा पाया म्हणजे नोंदणी खात्यानं ठरवलेली जागेची सरकारी किंमत. आकारणीचा तपशील मालकानंच भरून द्यायचा, ही पद्धत कर्नाटकात गेली वीसेक वर्षं चालू आहे. एप्रिलमध्ये भरलं तर 5 टक्के सवलत. मे आणि जून कोरडे जातात, ना सवलत ना दंड, आणि पुढं थकलं की दरमहा 2 टक्के दंड चढतो. म्हणून एप्रिलच्या शेवटी 'बेळगाव वन' या सेवा केंद्राच्या खिडकीवर रांग लागते.

आता खालच्या बारीक ओळी. समजा मूळ कर 4000 रुपये आहे. त्यावर आरोग्य उपकर 15 टक्के, म्हणजे 600. ग्रंथालय उपकर 6 टक्के, 240. भिक्षुक पुनर्वसनाचा 3 टक्के, 120. शहर वाहतुकीचा 2 टक्के, 80. कचऱ्याचं शुल्क याहून वेगळं. आता सांगा, या ओळींमध्ये शाळा कुठं आहे? नाही. दवाखाना आहे, वाचनालय आहे, बसही आहे, शाळा नाही. घरपट्टीवर आपण वर्षानुवर्षं भांडतो, मोर्चे काढतो, पण हा प्रश्न सभागृहात फारसा कुणी विचारत नाही. आज मला एवढ्यावरच बोलायचंय.

आधी वाढीचं बघू, कारण सगळा राग तिथं आहे. पूर्वी तीन वर्षांतून एकदा दर वाढायचे. आता कायद्यात दुरुस्ती होऊन दरवर्षी किमान 3 आणि कमाल 5 टक्के वाढ करावी लागते. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण वाढीवर वाढ धरली, तर 4000 चा कर दहा वर्षांत 3 टक्क्यांनी 5376 होतो आणि 5 टक्क्यांनी 6516. दोन्हींतला फरक 1140 रुपयांचा, आणि तो एका घराचा. तीन की पाच, एवढंच सभागृहाच्या हातात उरलंय. वाढच नको असा ठराव केला तर तो टिकत नाही. पंधराव्या वित्त आयोगानं शहरांच्या अनुदानाला अटच घातली होती, की घरपट्टीचे किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीनं वाढवा. म्हणून जो नगरसेवक 'मी वाढ रोखतो' म्हणून मत मागतो, त्याला माझं सांगणं असतं, की बाबा, वाढ होणारच आहे. त्या वाढीव पैशाचं तू माझ्या वॉर्डात काय करणार, ते सांग.

शाळेकडं येतो. आपल्या सरकारी मराठी शाळांतल्या शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं. दुपारचं जेवण अक्षर दासोह योजनेतून येतं, दूध क्षीरभाग्यमधून. खोल्या आणि दुरुस्तीला राज्याचा निधी असतो, थोडा समग्र शिक्षा अभियानाचा. कारभार शिक्षण उपसंचालक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, ज्यांना आपण सगळे बीईओच म्हणतो. महापालिका यात कुठंच नाही.

हे कायम असं नव्हतं. आपण मुंबई राज्यात होतो तेव्हा 1947 चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा लागू होता, आणि त्यात अधिकृत नगरपालिकांना स्वतःचं शाळा मंडळ असायचं. त्या काळच्या सवयीनं आजही आपल्यातली जुनी माणसं शाळा सांगताना नुसता नंबर सांगतात. पुढं 1956 ला राज्य बदललं, 1961 ला म्हैसूर राज्याचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला आणि सूत्रं बंगळूरकडं गेली. पलीकडं कोल्हापुरात महापालिका अजून स्वतःच्या शाळा चालवते. तिथं घरफाळ्याच्या बिलात शिक्षण कराची ओळ आहे, पण तो पैसा महाराष्ट्र सरकारकडं जमा होतो. म्हणजे बिलात ओळ असली की गल्लीतल्या शाळेला पैसा मिळतोच, असं समजू नका.

एवढं लांब तरी कशाला जायचं? आपल्या कॅम्पात जा. तिथं कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, आणि प्राथमिक शाळा चालवणं किंवा त्यांना मदत करणं हे कॅन्टोन्मेंट कायद्यानं बोर्डाचं कर्तव्य ठरवलंय. एकाच गावात रस्त्याच्या एका बाजूच्या स्थानिक संस्थेवर शाळेची जबाबदारी आहे आणि दुसऱ्या बाजूची म्हणते, 'हा आमचा विषय नाही.'

खरंच विषय नाही? राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे 29 विषय आहेत. त्यात प्राथमिक आणि माध्यमिक शाळा स्पष्ट लिहिल्यात. येळ्ळूर किंवा उचगावच्या पंचायतीत शाळेचा विषय निघाला तर कुणी हात झटकू शकत नाही. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत 18 विषय आहेत, आणि तिथं शिक्षणाला सांस्कृतिक गोष्टींबरोबर 'चालना देणं' एवढंच म्हटलंय. अधिकारी हीच पळवाट दाखवतात. पण 2009 चा शिक्षण हक्क कायदा त्यांना दाखवा. त्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं दिलीत, आणि स्थानिक प्राधिकरणाच्या व्याख्येत महापालिका नावानिशी आहे. शाळेला इमारतीसह पायाभूत सुविधा पुरवणं, हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं, हे तिथं लिहिलंय. बाविसावं कलम तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. शाळेच्या समितीनं विकास आराखडा करायचा आणि राज्य सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण जे अनुदान देईल, त्याला तो आराखडा आधार असायचा. आपल्याकडं या समितीला एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समिती, म्हणतात. कायद्याप्रमाणं तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला.

या समितीची सभा कशी होते, तुम्ही पाहिलंय. मुख्याध्यापक वही पुढं करतात, आया सह्या करतात आणि कामाला जातात. शहराच्या दक्षिण भागातल्या एका शाळेत मी मुद्दाम थांबलो. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार होतं, कडी होती, टाकीही होती. पाणी नव्हतं. गेटापासून आत नळ घ्यायचा तर गटारीखालून पाइप न्यावा लागणार होता. गटार महापालिकेची, आणि शाळा शिक्षण खात्याची. दोन खात्यांच्या मध्ये तो चार हाताचा पाइप अडकला होता. सातवीतल्या मुली दुपारनंतर पाणी प्यायचं टाळत होत्या. एका आईनं मला सांगितलं, 'सर, पोरगी घरी येते ती थेट मोरीतच पळते.' आराखड्याच्या वहीत यातलं एक अक्षर नव्हतं. इमारत चांगली आहे, रंगकाम हवं, एवढंच लिहिलेलं.

म्हणून मी म्हणतो, पगार आणि शिक्षकभरती यासाठी बंगळूरशी भांडायला हवंच. मराठी शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, पट घसरू द्यायचा आणि मग शाळा जोडून टाकायची, हे आपण उघड्या डोळ्यांनी बघतोय. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असं घटनेचं 350-अ कलम सांगतं आणि ती मागणी आपण सोडणार नाही. पण पाइप, गटार, शाळेसमोरचा दिवा, कुंपणाला लागून पडणारा कचरा, रस्त्यावरचा गतिरोधक, हे सगळं घरपट्टीच्या पैशातलं आहे. ते मागायला सुभाषनगरच्या महापालिका कार्यालयापर्यंत गेलं तरी पुरतं.

तिथं 58 नगरसेवक आहेत आणि चार स्थायी समित्या. कर आणि अर्थ समितीच्या बातम्या रोज येतात. दुसऱ्या एका समितीचं नाव आहे सार्वजनिक आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक न्याय. शिक्षण त्या नावातच आहे! या समितीपुढं शाळांचा विषय आणा. महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले 24.10 टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, 7.25 टक्के इतर गरिबांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखावे लागतात. विद्यार्थ्यांना मदत यातून मिळते. तुमच्या शाळेतल्या किती मुलांनी यंदा अर्ज केला? आणि ते 240 रुपये ग्रंथालय उपकराचे. आपल्या भागातल्या शाखा वाचनालयात मुलांसाठी मराठी पुस्तकं किती आहेत, हे विचारायचा हक्क त्या 240 रुपयांनी तुम्हाला दिलाय.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, काहींना आवडणार नाही. चलन, नोटीस, अर्ज मराठीत मिळावेत ही आपली मागणी न्याय्य आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण शाळेच्या नळाचा अर्ज करताना मराठी प्रतीला कन्नड प्रत जोडा. भाषेचा लढा वर्षानुवर्षं चालेल. त्या मुलीला पाणी याच वर्षी हवंय.

आता काम सांगतो. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं, तयारी त्याआधीच सुरू होते. एसडीएमसीची सभा डिसेंबरातच बोलवा. आयांना नुसत्या सह्या करायला नाही, बोलायला बोलवा. आराखड्यात महापालिकेची कामं वेगळ्या पानावर घ्या, प्रत्येक कामाशेजारी मोजमाप लिहा: पाइप किती फूट, गटार किती लांब. त्यावर सभेचा ठराव आणि मुख्याध्यापकांचा शिक्का. एक प्रत आयुक्तांना, एक शिक्षण समितीच्या अध्यक्षांना, एक तुमच्या नगरसेवकाला, एक बीईओंना. चारही ठिकाणी तारखेची पोच घ्या. अंदाजपत्रक छापून आलं की त्यात आपलं काम कुठल्या शीर्षाखाली आणि किती रुपयांचं धरलंय, ते शोधा. सापडलं नाही तर माहिती अधिकारात विचारा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पाइपच्या त्या शाळेतल्या दोन आया आज इथं बसल्यात. त्यांच्या आराखड्याचा मसुदा तयार आहे. ज्यांना नमुना हवा, त्यांनी सभा संपल्यावर त्यांना भेटा.