पंतप्रधानांच्या शेजारी उभी बादली

[दृश्य : क्रीडासंकुलातला हॉल, रात्र. टेबलांवर मतपत्रिकांचे गठ्ठे.]

९ जून २०१७. लंडनच्या पश्चिमेला मेडनहेड नावाचं गाव. उजाडायला थोडा अवकाश आहे. मतमोजणी संपलीय आणि निकाल ऐकायला सगळे उमेदवार स्टेजवर ओळीने उभे राहिलेत. जिंकलेले, हरलेले, आणि जिंकायचा विचार स्वप्नातही न केलेले. तिकडचा रिवाजच आहे तसा.

यातल्या एक बाई थेरेसा मे. ब्रिटनच्या पंतप्रधान. मुदतीच्या तीन वर्षं आधी त्यांनी स्वतःहून निवडणूक घेतली, होतं ते बहुमत आणखी वाढवायला. आणि आज रात्री होतं ते बहुमतही गेलंय. मेडनहेडची जागा त्या जिंकल्यात, पण तोंडावर जिंकल्याची एक रेघ नाही.

आता कॅमेरा जरा बाजूला. काळा झगा, काळे हातमोजे, आणि डोक्याच्या जागी छताकडे निघालेलं काळं नळकांडं. हे लॉर्ड बकेटहेड. आपल्या भाषेत सरदार बादलीतोंडे. मे बाईंची प्रचारातली घोषणा होती, ‘खंबीर आणि स्थिर नेतृत्व’. बादलीतोंड्यांची घोषणा होती, ‘खंबीर, पण अगदीच स्थिर नसलेलं नेतृत्व’. त्याच ओळीत लहान मुलांच्या टीव्हीवरचा लाल केसाळ एल्मोही उभा आहे. त्याला मतं पडली ३. बादलीला २४९.

निकाल वाचणारा अधिकारी ही नावं कशी वाचतो ते ऐका. आवाजात चढ नाही, उतार नाही. ‘लॉर्ड बकेटहेड, दोनशे एकोणपन्नास.’ तलाठ्याने सातबारा वाचावा तसं. मला विचाराल तर या दृश्यातला खरा विनोदी नट हा अधिकारी आहे. आणि दुसऱ्या नंबरवर मे बाई. हसलं तर पंचाईत, न हसलं तर त्याहून पंचाईत, म्हणून त्या समोर कुठेतरी लांब बघत राहतात.

[दृश्य : जुनी चित्रफीत. मतदानकेंद्रं, प्रचाराच्या गाड्या.]

हा प्रकार परवडतो कसा? अनामत रक्कम आहे ५०० पौंड. ५ टक्के मतं मिळाली नाहीत की डिपॉझिट जप्त. हा शब्द आपल्याला चांगला ओळखीचा. आपल्याकडे लोकसभेला २५ हजार भरायचे आणि ते वाचवायला एकषष्ठांश मतं मिळवायची. ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत ही रक्कम फक्त १५० पौंड होती. हौशागवशांना आळा बसावा म्हणून ती वाढवली. हौशेगवशे काही थांबले नाहीत. ५०० पौंडांत पंतप्रधानाशेजारी उभं राहायला मिळतं आणि सगळा देश बघतो. एवढ्या पैशात लग्नाचा हॉलही मिळत नाही.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणजे डेव्हिड सच. धंद्याने रॉक गायक. कार्यक्रमात शवपेटीतून बाहेर येऊन गायला सुरुवात करायचा. नावामागे लॉर्ड लावलं, आणि त्याच्याही आधी ‘स्क्रीमिंग’, म्हणजे किंचाळणारा. १९६३ साली मंत्री जॉन प्रोफ्यूमो यांना एका भानगडीपायी राजीनामा द्यावा लागला आणि स्ट्रॅटफर्डची जागा रिकामी झाली. शेक्सपिअरच्या गावची जागा. बावीस वर्षांचा सच तिथे उभा राहिला, पक्षाचं नाव नॅशनल टीनएज पार्टी. मागणी काय, तर मतदानाचं वय २१ वरून १८ करा. आणि खासगी रेडिओ केंद्रांना परवानगी द्या. लोक हसले. मतं पडली २०८.

१९६९ साली ब्रिटनने मतदानाचं वय १८ केलं. १९७३ मध्ये खासगी रेडिओ केंद्रं सुरू झाली.

सचने पुढे १९८३ च्या सुमारास ऑफिशियल मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी काढली. ठार वेड्यांचा अधिकृत पक्ष म्हणा. त्यातला ‘अधिकृत’ हा शब्द मला फार आवडतो. उंच हॅट, चमचमता कोट, छातीवर ताटाएवढा पक्षाचा बिल्ला आणि हातात कर्णा, अशा थाटात माणूस चाळीसेक निवडणुका लढला. दारूचे गुत्ते दुपारी बंद का असतात, दिवसभर उघडे ठेवा, ही एक मागणी. १९८८ मध्ये तसा कायदा झाला. कुत्र्यामांजरांना पासपोर्ट द्या, ही दुसरी. २००० साली सरकारने तशी योजना आणली. हे सगळं सचमुळे झालं असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण मक्तेदारी मोडायला सरकारने आयोग नेमला होता, तेव्हा ‘मग मक्तेदारी आयोग एकच का?’ हा त्याचा प्रश्न आजही बिनउत्तराचा आहे.

[दृश्य : बूटल, लिव्हरपूलच्या लगतचा गोदीचा भाग. मे १९९०.]

आणि एकदा या वेड्याने खरोखरच राजकारण हलवलं. डेव्हिड ओवेन म्हणजे देशाचे माजी परराष्ट्रमंत्री. १९८१ मध्ये चार बड्या नेत्यांनी मजूर पक्ष सोडून सोशल डेमोक्रॅटिक पार्टी काढली, त्या चौघांतले एक. पुढे बहुतेक मंडळी लिबरल पक्षात विलीन झाली. ओवेन उरलासुरला पक्ष घेऊन चालत राहिले. बूटलच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या उमेदवाराला मतं मिळाली १५५. सचला ४१८.

कोण जिंकलं हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. माजी परराष्ट्रमंत्र्याचा पक्ष वेड्यांच्या पक्षाच्या खाली गेला, एवढंच लोक बोलत होते. दहा-बारा दिवसांत ओवेन यांचा पक्ष गुंडाळला गेला.

१९९९ मध्ये सच वारला. नव्या नेत्यासाठी पक्षात मतदान झालं तेव्हा हाउलिंग लॉड होप हे गृहस्थ आणि त्यांचं मांजर यांना समसमान मतं पडली. मांजराचं नाव कॅटमांडू. दोघं मिळून अध्यक्ष झाले. २००२ मध्ये मांजर रस्त्यावर गाडीखाली गेलं, तोवर दोघांचं बरं चाललं होतं. अध्यक्षपदावरून भांडण न झालेला दुसरा पक्ष मला तरी आठवत नाही.

बादलीचं घराणंही जुनं आहे. १९८७ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्यासमोर बकेटहेड उभा होता; बर्मिंगहॅम शहर पाडून तिथे अंतराळयानांचा तळ बांधू, हे त्याचं आश्वासन. १९९२ मध्ये पंतप्रधान जॉन मेजर यांच्यासमोर. पुढे आतला माणूस बदलला. मग त्या पात्राचे हक्क आपलेच आहेत असं एका अमेरिकी चित्रपटवाल्याने सांगितलं, तेव्हा २०१७ च्या बादलीतल्या विनोदी कलाकाराने बादली उतरवली आणि डोक्यावर कचरापेटी चढवली. नवं नाव काउंट बिनफेस. २०१९ मध्ये तो बोरिस जॉन्सन यांच्यासमोर उभा राहिला. जाहीरनाम्यात एक कलम होतं : जॉन्सन यांच्याच मतदारसंघातल्या, अक्सब्रिजच्या क्राउन अँड ट्रीटी गुत्त्यातल्या पुरुषांच्या मुतारीत हात वाळवायचं यंत्र भलत्याच जागी लावलंय, ते हलवू. देशभर ब्रेक्झिटचं रणकंदन चाललेलं असताना हा मुतारीतल्या यंत्रावर मतं मागत होता. बरं, त्याच निवडणुकीत दुसऱ्या कुणीतरी बादली घालून अर्ज भरला होता. बादलीला १२५, पेटीला ६९.

[दृश्य : साओ पावलो, १९५९. प्राणिसंग्रहालय.]

इंग्रजांचा विनोद डिपॉझिटपाशी थांबतो. इतरत्र तो पुढे गेला. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या लोकांनी नगरपालिकेच्या निवडणुकीत काकारेको नावाच्या गेंड्याच्या मादीला लाखभर मतं दिली. अधिकाऱ्यांनी ती सगळी बाद ठरवली.

डेन्मार्कमध्ये याकोब हाउगोर या विनोदी कलाकाराची संघटनाच होती ‘जाणूनबुजून कामचुकारांची’. सायकलच्या रस्त्यांवर वारा कायम पाठीमागून वाहील, हे वचन. १९९४ मध्ये २३ हजारांहून जास्त मतं पडली आणि पठ्ठ्या चक्क खासदार झाला! मतांच्या हिशेबाने सरकारी अनुदान मिळालं, त्यातून त्याने मतदारांना बागेत बिअर आणि सॉसेज खाऊ घातले. आपल्याकडे हे मतदानाच्या आदल्या रात्री उरकतात. याने निकालानंतर, उघड्यावर केलं.

आइसलँडच्या बँका २००८ मध्ये बुडाल्या आणि लोकांचा सगळ्यांवरचाच विश्वास उडाला. तेव्हा योन ग्नार या नटाने ‘बेस्ट पार्टी’ काढली. पोहण्याच्या तलावांवर टॉवेल फुकट, प्राणिसंग्रहालयाला ध्रुवीय अस्वल. २०१० मध्ये रेकयाविकच्या १५ पैकी ६ जागा आल्या आणि ग्नार महापौर झाला. चार वर्षं त्याला कर्जात रुतलेल्या वीजकंपनीचे आकडे सोडवत बसावं लागलं.

[दृश्य : यॉर्कशर. ५ जुलै २०२४, पहाट.]

पुन्हा तसाच एक हॉल. ऋषी सुनक स्वतःची जागा जिंकलेत, देश हरलेत. माइकसमोर येऊन ते पराभव मान्य करतात, पक्षाच्या हरलेल्या उमेदवारांची माफी मागतात. आवाज संयमी. मागे एक तरुण यूट्यूबर एका कागदावर इंग्रजी ‘एल’ लिहून उंच धरतो, हरलात म्हणून. त्याच स्टेजवर राखाडी कचरापेटी ताठ उभी आहे, मान जराही न हलवता. भाषण संपेपर्यंत ती शांतपणे ऐकते.

मतं ३०८. डिपॉझिट जप्त.