बंदी उठल्यावर

(दृश्य: सर्जेकोट बंदर, जुलै. ओढून घेतलेल्या होड्या, ताडपत्रीवर पाऊस.)

1 जूनला यांत्रिकी मासेमारी बंद होते, ती 31 जुलैपर्यंत. माशांच्या विणीचा काळ, त्यात समुद्र खवळलेला. मालवणजवळच्या सर्जेकोटात या दिवसांत ट्रॉलर बांधलेले असतात आणि होड्या वाळूवर चढवलेल्या. नेपाळहून आलेले खलाशी घरी गेलेले असतात. इथल्या पोरांना मात्र जायला दुसरं घर नाही. सकाळी जाळी सांधायची, कुणाचं इंजिन खोललेलं असेल तर हात काळे करायचे, आणि मग अख्खी दुपार पडवीत.

(दृश्य: पडवी. पाच-सहा मुलगे, माना खाली, फोन आडवे धरलेले.)

"अरे उजवीकडे बघ, झाडापाठी आसा तो!"

बाहेर पाऊस कोसळतोय आणि पडवीत मोबाइल गेममधली लढाई ऐन रंगात आली आहे. चौघांचं स्क्वॉड. एक सामना साधारण अर्ध्या तासाचा, तो मध्येच थांबवता येत नाही. तुम्ही उठलात तर बाकीचे तिघे तोंडघशी पडतात. म्हणून आईची जेवायची हाक तीनदा येते आणि तीनदा 'इलंय' असं उत्तर जातं. जागचं कुणी हलत नाही. मग लाइट जाते, राउटर बंद पडतो, आणि पडवीतून जो काही शब्द उमटतो तो निवेदनात घेता येणार नाही.

(दृश्य: स्वयंपाकघराचं दार. एक बाई तांदूळ निवडते आहे. चेहरा दिसत नाही.)

"चार चार वाजेसर जागो ऱ्हवता. काय बोलूक गेल्यार अंगार येता. ह्यो आजारच म्हणूचो ना ओ?"

काकींच्या या प्रश्नाचं उत्तर जिनिव्हात देऊन झालेलं आहे. 25 मे 2019 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मंजूर केली आणि 1 जानेवारी 2022 पासून ती लागू झाली. तिच्यात 6सी51 या क्रमांकावर 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. शेजारचा 6सी50 हा क्रमांक जुगाराच्या व्यसनाचा.

डॉक्टर तीन गोष्टी पाहतात. खेळायला कधी बसायचं, किती वेळ खेळायचं, कधी उठायचं, यावरचा ताबा सुटलाय का? खेळ इतका पुढे गेलाय का, की बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडली? आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही खेळणं चालूच आहे, किंवा वाढतंय का? या तिन्हीमुळे घर, शिक्षण, कामधंदा यांत ठळक पडझड झालेली असली पाहिजे, आणि हे सगळं साधारण बारा महिने चाललेलं असलं पाहिजे. लक्षणं फार तीव्र असतील तर त्याआधीही निदान करता येतं.

तासांचा आकडा या व्याख्येत कुठेही नाही. घरोघरी भांडण मात्र तासांवरूनच होतं.

(दृश्य: नारळी पौर्णिमा. सजवलेल्या होड्या, समुद्रात सोडलेला नारळ.)

आम्हाला विचाराल तर त्या व्याख्येतली सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे ते बारा महिने. मच्छीमाराच्या हिशेबात तेवढ्यात एक अख्खी फेरी पुरी होते: बंदी, नारळी पौर्णिमा, गणपती, थंडीतली मासळी, शिमगा आणि पुन्हा बंदी. जुलैमध्ये दहा तास खेळणाऱ्या पोराबद्दल जुलैमध्ये काहीच ठरवता येत नाही. त्याच्या बापानेही याच पडवीत पावसाळेच्या पावसाळे मेंढीकोट खेळण्यात घालवलेत, फक्त तेव्हा डेटा पॅक लागत नव्हता. बंदी उठल्यावर काय होतं ते बघायचं.

पडवीतला एकजण, वय बाविशीचं. ऑगस्टमध्ये तो काकांच्या ट्रॉलरवर जातो. किनारा मागे पडला की रेंज जाते, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून केबिनमध्ये ठेवायचा. त्रास होतो का, विचारलं तर हसला. "खंयचो त्रास? जाळा ओढताना आठवण येवक व्हयी ना." जुलैमध्ये हाच पोरगा रात्री तीनपर्यंत रँक पुश करत होता, म्हणजे गेममधला आपला क्रमांक वर चढवत होता. त्याच्या आईला तेव्हा कुणी 'व्यसनी' हा शब्द हातात दिला असता, तर तो शिक्का गावाने जन्मभर जपला असता.

दुसरा त्याच्याच वयाचा. तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, दोनदा निरोप धाडला, तो गेला नाही. तिसऱ्यांदा निरोप आला नाही. दुसरा खलाशी मिळाला. गणपतीत मुंबईहून चुलत भाऊ आले, आरतीला तो खळ्यात उतरला नाही. जेवणाचं ताट खोलीत नेऊन ठेवायचं आणि दुपारी तसंच उचलायचं. वहिनीच्या फोनवरून टॉप-अपसाठी, म्हणजे गेममधल्या खरेदीसाठी, पैसे गेले, त्यावरून घरात रडारड झाली, त्याने शपथ घेतली आणि आठवड्यात तेच. हे शिमग्यापर्यंत चाललं. इथे तीनही खुणा जुळतात. गेल्या जुलैमध्ये मात्र हे दोघे एकाच स्क्वॉडमध्ये होते आणि पाहणाऱ्याला दोघांत काही फरक दिसला नसता.

(दृश्य: रात्र. खिडकीत फोनचा निळा उजेड.)

दुसऱ्याच्या घरी देवाला कौल लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. डॉक्टरकडे नेण्याचा विषय निघाला तेव्हा आजीने पाय आपटला. कोकणात 'ह्येका रत्नागिरीक धाडूक व्हयो' म्हटलं की रत्नागिरीत कुठे, ते सांगावं लागत नाही. तिथलं सरकारी मनोरुग्णालय जुनं, आणि त्याच्या नावाचा धसका त्याहून जुना. या धसक्यापायीच कितीतरी घरांत दुखणं वर्षानुवर्षं ओटीच्या आत राहतं.

आजाराचा शिक्का नको म्हणणाऱ्यांत अभ्यासकही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा मसुदा चर्चेत होता तेव्हा वीसहून अधिक संशोधकांनी मिळून जाहीर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: निकष दारूच्या आणि जुगाराच्या व्यसनावरून उचललेले आहेत, पुष्कळदा गेम हा आधीच्या दुखण्यावरचा आडोसा असतो, आणि एकदा नाव मिळालं की घाबरलेले पालक धडधाकट मुलांनाही रुग्ण ठरवतील. उलट, रोज असे रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरांनी उत्तर दिलं की नाव नसेल तर उपचाराची सोय तरी कशाच्या आधारावर उभी करायची?

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आणखी सावध पवित्रा घेतला. त्यांच्या 2013च्या नियमावलीत इंटरनेट गेमिंग डिसऑर्डर आहे, पण 'अजून अभ्यास हवा' या विभागात, आणि 2022च्या सुधारित आवृत्तीतही ते तिथेच राहिलं. त्यांची लक्षणं नऊ, त्यांतली पाच जुळली पाहिजेत. त्यांतलं एक म्हणजे सतत त्याचाच विचार करणं. आता जत्रांच्या हंगामात गावोगाव जाऊन रात्र रात्र दशावतार बघणारे आणि दिवसा शंकासुराच्या नकला करणारे आमच्याकडे शेकड्यांनी सापडतील. त्यांना कुणी गोळ्या देत नाही. नुसत्या वेडाने माणूस आजारी होत नसतो.

आणि खरे रुग्ण किती? 2017 साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जर्मनीतल्या लोकांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वसाधारण लोकसंख्येपैकी फार तर 0.3 ते 1 टक्का माणसं या निकषांत बसू शकतील असं निघालं. इतर पाहण्यांत आकडे याहून मोठे येतात, कारण प्रश्नावली बदलली की आकडा बदलतो. पण 'आजकालची सगळीच पोरं' या वाक्याला कुठल्याच आकड्याचा आधार नाही.

आमचं मत असं: नाव हवं. ते अरुंद असावं, आणि ते ठेवायचा अधिकार डॉक्टरचा असावा. आईच्या रागाचा किंवा शाळेतल्या शेऱ्याचा नव्हे. आपल्या कायद्याची दिशाही तीच आहे. 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मानसिक आजार ठरवण्यासाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाकडे, बोट दाखवतो. त्याच कलमात पुढे म्हटलंय की समाजाच्या नैतिक, सामाजिक किंवा कामाबद्दलच्या मूल्यांशी एखाद्याचं जुळत नाही, म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. मच्छीमाराच्या पोराला समुद्रावर जायचंच नसेल तर तो आजार नव्हे. दुसऱ्या मुलाबाबतही डॉक्टरांना हे आधी तपासावं लागलं: त्याला होडी नको होती, की त्याला काहीच नको झालं होतं?

(दृश्य: फोनचा पडदा जवळून. चमकणारी पेटी उघडते.)

निदान मुलाचं होतं, पण गेम ज्याने बनवला त्याची तपासणी कोण करतो? रोज लॉगिन केलं तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. हंगाम संपला की रँक खाली. पैसे भरून उघडायची पेटी, आत काय निघेल ते नशिबावर. या पेट्यांना बेल्जियमने 2018 साली जुगारात काढलं. चीनने 2021मध्ये अठराखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणासुदीला रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. दक्षिण कोरियाने 2011 साली सोळाखालच्या मुलांना मध्यरात्रीनंतर गेम बंद करून पाहिला आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घ्यायचं ठरवलं.

आपल्याकडे पब्जी मोबाइल या गेमवर 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी आली, तीही डेटाच्या सुरक्षेच्या कारणावरून. मुलांच्या झोपेचा तिथे प्रश्न नव्हता. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमना, मान्यता दिली. पैसे लावणं वेगळं काढलं हे बरं झालं. रमीच्या ॲपवर बापाने घालवलेले पैसे आणि पोराने गेममध्ये घालवलेली रात्र यांना एकाच फडताळात कोंबणं आता तरी थांबावं.

(दृश्य: जिल्हा रुग्णालयाचा व्हरांडा. बाकावर माणसं, हातात केसपेपर.)

दुसरा मुलगा अखेर डॉक्टरांपर्यंत पोचला, ते मामामुळे. मामाने 'गेम सोडव' असं सांगितलं नाही, 'झोप लागत नाही ना, ती दाखवून येऊ' म्हणाला. तिथे कळलं की गेमच्या आधीपासून उदासी होती; होडीवरचं कर्ज थकलं आणि कॉलेज सुटलं त्या वर्षापासूनची. गेममध्ये निदान कुणीतरी त्याची वाट पाहत होतं.

"औषध आसा काय ह्येच्यार?" काकींनी आम्हाला विचारलेला शेवटचा प्रश्न. गेमच्या आजारावर म्हणून खास गोळी नाही. सोबत नैराश्य किंवा चिंतारोग असेल तर त्याची औषधं देतात. मुख्य उपचार बोलण्याचा: हात फोनकडे नेमका कधी जातो ते हुडकायचं, झोपेची वेळ बसवायची, दिवसात दुसरं काहीतरी परत आणायचं, आणि घरच्यांनाही समोर बसवायचं. फोन हिसकावून विहिरीत टाकणं हा उपचार नाही, जरी तो या गावात झालेला असला तरी. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत 2014पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक आहे, पण सर्जेकोटातून कुणी बेंगळुरूला जाणार नाही. इथून जवळची वाट जिल्हा रुग्णालयाची.

आणि तिथवरही जायचं धाडस नसेल तर 14416. मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलिमानस ही फोनसेवा, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. मुलगा बोलायला तयार नसला तरी आईने लावला तरी चालतो.